डब्यातला आवाज

जावयाने ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि मागे रेलून चहाचा घोट घेतला. तो घोट घशाखाली उतरेपर्यंत सासऱ्यांचा आवाज नाहीसा झाला होता.

तसा तो त्यांच्या गळ्यातून आधीच गेला होता. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, जीव वाचवला आणि श्वास घ्यायला मानेच्या पायथ्याशी एक भोक ठेवून दिलं. आता सासरे बोलायला गेले की त्या भोकातून नुसती हवा यायची, सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी. हे सगळं ठरलं तेव्हा हॉस्पिटलमधल्या वाचातज्ज्ञ बाईंनी सुचवलं होतं, की ऑपरेशनच्या आधी यांचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवा. त्यावरून मशीनला शिकवता येतं. मग यांनी नुसतं टाइप करायचं, मशीन यांच्याच आवाजात बोलेल.

"मशीनचं मी बघतो," जावई म्हणाला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांनी त्याच्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहिलं होतं.

सासरे काचेच्या कारखान्यात फोरमन होते. भट्ट्यांची घरघर आणि बाटल्यांचा खणखणाट यांच्यावर वरताण ओरडण्यात आयुष्य गेलेलं. "यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारी मीठ घेऊन यायचे," असं सासूबाई सांगायच्या. ऑपरेशन ठरल्यावर दोघं मुलीकडे राहायला आली. मुलीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, रजा टाकली, खोलीची दारं-खिडक्या लावून वडिलांना समोर बसवलं आणि वाचायला दिलं. वर्तमानपत्रातले अग्रलेख, हवामानाचा अंदाज, लहान मुलांच्या गोष्टी. फोरमन ते सगळं पोलिसांपुढे कबुलीजबाब द्यावा तसं वाचत. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि लेकीला ती लहान असताना ज्या लाडक्या नावाने हाक मारायचे ते नाव घेतलं. एकदा साधं, एकदा ती दूर खेळायला गेल्यावर मारायचे तसं लांबवून, आणि एकदा अगदी हळू. ती फाईल बायकोने पुन्हा कधी उघडली नव्हती. मशीन तयार झालं की ऐकू, म्हणाली.

त्या सगळ्या फाईली जावयाच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरात होत्या. आता ते फोल्डर होतं आणि आत काही नव्हतं.

यातली नामुष्कीची गोष्ट अशी, की जावयाचा धंदाच हा होता. तो नोकरीत सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये भरायचं काम करी. कंटेनर म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. आत एखादा प्रोग्राम आपला संसार थाटून बसतो. बाहेरच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि त्याने आत काही सांडलं-लवंडलं तरी बाहेर डाग पडत नाही. बिघडला तर डबा फेकून द्यायचा, नवा घ्यायचा, पुन्हा सगळं लख्ख. पण आतल्या प्रोग्रामला बाहेरचं एखादं फोल्डर लागलंच, तर डब्याला तेवढ्यापुरती खिडकी पाडावी लागते. त्या खिडकीतून दिसतं ती काही नक्कल नसते. फोल्डर तेच, फाईली त्याच. आतून पुसलं की बाहेरचंही पुसलं. म्हणून खिडकीला जाळी लावायची: बघ, वाच, पण हात लावू नकोस. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना जावई हे घसा कोरडा होईपर्यंत समजावत असे. "पाहुण्याला घर दाखवा, झाडू देऊ नका," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लोक ते टिपूनही घ्यायचे.

आवाज शिकवणाऱ्या प्रोग्रामला दोन फोल्डरं हवी होती: एक रेकॉर्डिंगचं, दुसरं तयार माल ठेवायला रिकामं. हे दुसरं फोल्डर प्रोग्राम स्वतःच कामाला लागण्याआधी झाडून साफ करी, म्हणजे मागचा कचरा नव्यात मिसळायला नको. सूचनांमध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं. जावयाची मीटिंग सुरू व्हायची होती. दुसरं फोल्डर बनवायचा कंटाळा करून त्याने दोन्हीकडे एकच दिलं. जाळी लावली नाही. डबाच तर आहे, त्याच्या मनात आलं, बिघडला तर फेकून देऊ.

स्क्रीनवर ओळ आली: जुनं सगळं साफ केलं. मग दुसरी: एकही रेकॉर्डिंग सापडलं नाही.

 जावयाने डबा फेकला, नवा उघडला. फोल्डर रिकामं. तोही फेकला, आणखी एक उघडला. बुडणाऱ्या माणसाने पुन्हा पुन्हा होडी बदलावी, तसं त्याचं चाललं होतं. पाणी तेच होतं. शेवटी पुसलेल्या फाईली परत काढणारं एक सॉफ्टवेअर त्याने लावलं, तेव्हा कळलं की प्रत्येक नवीन डब्याबरोबर ढीगभर सामान त्याच डिस्कवर उतरलं होतं. जिथे सासऱ्यांचा आवाज पुरला होता त्या जागेवर त्याने स्वतःच्या हाताने माती लोटली होती. "एक कॉपी माझ्या फोनवर टाकून ठेव," असं बायकोने अनेकदा बजावलं होतं. "टाकतो," असं त्यानेही तितक्याच वेळा सांगितलं होतं. कॉपी ठेवायला आणलेली हार्ड डिस्क कपाटात होती. खोकं अजून फोडलेलं नव्हतं.

जेवताना सासऱ्यांनी पाटी पुढे सरकवली. बोलणं बंद झाल्यापासून ते पाटीवर लिहीत. "झालं का?"

"होतंय, बाबा," जावई म्हणाला. "जरा वेळखाऊ काम आहे."

सासऱ्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "घाई नाही." मग त्याखाली एक रेघ ओढली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला 'घाई नाही' म्हटलं नव्हतं, त्याने ते लिहून वर अधोरेखित करावं!  बायकोकडे पाहून जावयाला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण ती वडिलांसाठी भात मऊ करत होती आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कामावर गेली आणि जावयाला एक युक्ती सुचली. माणूस इतकी वर्षं ओरडला, तर ते ओरडणं कुणाच्या तरी फोनमध्ये असणारच. सासऱ्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये काही नव्हतं. कारखान्यातल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप होता, त्यावर ते रोज व्हॉइस मेसेज टाकत. पण आजार निघाला त्याच दिवशी ते कुणाला काही न सांगता ग्रुपमधून बाहेर पडले आणि फोनमधून तो पुसूनही टाकला. लोकांनी कीव करायला येऊ नये म्हणून. तो ग्रुप चालवणाऱ्या माणसाचा नंबर जावयाने शोधून काढला. तो भट्टीवर असायचा, म्हणून सगळे त्याला भट्टीवाला म्हणत. भट्टीजवळ राहून राहून त्याचे कान निम्मे बहिरे झाले होते, ही गोष्ट मात्र जावयाला ठाऊक नव्हती.

"मी फोरमनसाहेबांचा जावई बोलतोय. जरा मदत हवी होती. बाबांचा आवाज गेला हो."

"काय? मोठ्याने बोला!"

"बाबांचा! आवाज! गेला!"

 "बाबा गेले?" भट्टीवाला हळूच म्हणाला. पण ते तो फोन तोंडापासून दूर धरून, स्वतःशीच म्हणाला, त्यामुळे जावयाला नीट ऐकू आलं नाही. ध चा मा असा झाला. मग त्याने खाकरून विचारलं, "कधी?"

"काल सकाळी. माझ्याच हातून."

"तुमच्याच हातात! अरेरे. फार त्रास झाला का?"

"त्रासाचं काय सांगू," जावई म्हणाला. कालपासून हे ऐकून घेणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. "एका क्षणात झालं. स्क्रीनवर एक ओळ आली आणि सगळं संपलं."

"ओळ सरळ झाली म्हणता." भट्टीवाल्याने उसासा टाकला. त्याच्या स्वतःच्या भावाच्या वेळी त्याने हॉस्पिटलात ती ओळ पाहिली होती. "प्रयत्न केले असतील ना सगळे?"

"दिवसभर तेच करत होतो. पण वेळ निघून गेली होती. घरात अजून कुणाला सांगितलेलंसुद्धा नाही मी."

"सांगितलं नाही? वहिनींना?"

"धीरच होत नाही."

"धीर धरा, साहेब. जाणारं काही परत येत नाही." भट्टीवाला म्हणाला. "मी काय करू ते सांगा."

"तुमच्या ग्रुपवर बाबांचे मेसेज असतील ना, त्यांच्या आवाजातले? जेवढे असतील तेवढे पाठवा. आता तेवढाच आधार आहे."

"पाठवतो. सगळ्यांना सांगतो." आणि फोन ठेवताना तो म्हणाला, "असा जावई सगळ्यांना मिळो."

हे वाक्य जावयाला जरा जास्त वाटलं, पण कालपासून त्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून त्याने ते ठेवून घेतलं.

तासाभरात मेसेज यायला लागले. कुणी एक पाठवला, कुणी पंधरा-वीस. प्रत्येकाखाली काहीतरी लिहिलेलं: 'जपून ठेवा', 'असा माणूस होणे नाही', 'आम्हाला आताच कळलं, विश्वास बसत नाही'. किती हळवी माणसं आहेत, जावयाला वाटलं. एका फोल्डरासाठी कोण इतकं करतं! त्याने ऑफिसला बरं नसल्याचं कळवलं, फोन मूक केला, हेडफोन लावले आणि एकेक मेसेज ऐकायला बसला.

त्यातल्या एकाही मेसेजमध्ये फोरमन साधं बोलत नव्हते. "भट्टीचं दार कुणी उघडं टाकलं? घरचं दार टाकतोस का असं, की ये रे चोरा?" "बाटली वाकडी निघाली तर लपवू नका. तोंड वाकडं असतं तेव्हा लपवता का?" "वाढदिवसाच्या शुभेच्छा! आता तरी अक्कल येऊ दे!" आणि दुपारनंतर एक मोठा मेसेज आला. कुणीतरी बहुतेक जावयाची चौकशी केली होती, त्याला फोरमनचं उत्तर: "जावई ना? आहे. दिवसभर बसून असतो. विचारलं काय करतोस, तर म्हणे डबे बनवतो. म्हटलं, पत्र्याचे का प्लास्टिकचे? म्हणे दिसत नाहीत ते. न दिसणारे डबे! आणि त्याचे पैसे मिळतात! आपण मूर्ख, काच वितळवत बसलो." जावयाने तो मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा मन लावून, दुसऱ्यांदा नोंद करायची म्हणून. आवाज स्वच्छ होता. शिकवायला उत्तम.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. त्याला ती ऐकू आली नाही. सासूबाई न्हाणीघरात होत्या. दार सासऱ्यांनी उघडलं.

दारात भट्टीवाला उभा होता, जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढून आलेला, हातात पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र घेऊन. मागे जिन्यावर कारखान्यातली सात-आठ माणसं माना खाली घालून. भट्टीवाल्याने वाक्य पाठ करून आणलं होतं. "वहिनी, जे झालं ते फार..." असं म्हणत त्याने मान वर केली आणि त्याची दातखीळ बसली. समोर फोरमन. उतरलेले, गळ्याभोवती रुमाल, चेहरा पांढराफटक. फोरमननी "काय रे?" म्हणायला तोंड उघडलं आणि रुमालाखालून नुसती शीळ निघाली.

भट्टीवाला चक्रासकट खाली बसला. मागच्याने त्याला धरायला जावं तर तो मागच्यालाही घेऊन खाली गेला, आणि जिन्यावरची रांग एकेक पायरी घसरत खालच्या मजल्यापर्यंत जाऊन थांबली. फोरमननी थोडा वेळ वाट पाहिली. मग आतून पाटी आणली आणि लिहून समोर धरली: "कोण मेलं?"

 सगळ्यांची नजर फुलांवर. फोरमननी दारात राहिलेलं चक्र उचललं, त्यावर गुंडाळलेली फीत वाचली, तिच्यावर त्यांचंच नाव होतं. त्यांनी दोन पाकळ्या बोटांत चुरगळून पाहिल्या आणि पाटीवर लिहिलं: "फुलं शिळी आहेत."

"तेच आहेत!" भट्टीवाला जिन्यावरून ओरडला. "अरे, तेच आहेत! या वर!"

मंडळी वर आली खरी, पण आता काय करायचं ते कुणालाच कळेना. दुःख करायला आलेला माणूस एकदम हसू शकत नाही, तसं वळण चेहऱ्याला नसतं. सगळे भिंतीला लागून बसले आणि सवयीने उसासे टाकू लागले. सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या, फुलं पाहून थबकल्या. "अगंबाई! कोण गेलं हो?"

"कोणी नाही, वहिनी," भट्टीवाला म्हणाला. "साहेब गेले होते. पण आहेत."

याच सुमारास आतल्या खोलीत जावयाने पाय लांब केले, पायात हेडफोनची वायर अडकली आणि निघून आली. कॉम्प्युटरचा आवाज त्याने पूर्ण वाढवून ठेवला होता. बाहेरच्या खोलीत फोरमन मुक्याने बसलेले असताना, आतून त्यांचाच आवाज भिंती हादरवत आला: "मी आहे तोवर ठीक! मी गेल्यावर कोण बघणार आहे रे तुमच्याकडे, गाढवांनो?"

सगळी माणसं ताडकन उभी राहिली. कारखान्याची जुनी सवय. एकाने तर हातातला फोनसुद्धा पाठीमागे लपवला.

फोरमन मात्र उठले नाहीत. आपला आवाज ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी हात रुमालावर ठेवला आणि दाराकडे बघत राहिले, आत कुणी ओळखीचं आहे आणि बाहेर येईल अशा नजरेने. सासूबाई त्यांच्याकडे न बघता फुलांची फीत गुंडाळत होत्या, गुंडाळून झाल्यावर परत सोडत होत्या.

जावई बाहेर आला आणि एवढी माणसं पाहून दारातच खिळला. तो काही बोलणार तोच बाहेरचं दार धाडकन उघडून बायको आत आली.

तिला ऑफिसात जुन्या शेजारणीचा मेसेज आला होता: 'वडिलांचं कळलं. सावर स्वतःला.' आईचा फोन कुणी उचलेना, नवऱ्याचा वाजत राहिला, आणि वडिलांना फोन करून 'तुम्ही आहात ना' असं विचारण्याची सोय उरली नव्हती. ऑफिसपासून घरापर्यंतचा सगळा रस्ता तिने वडील गेले असंच समजून कापला होता. रिक्षात ती रडली नाही. शेवटचं बोलणं काय झालं ते आठवत बसली, आणि आठवलं ते एवढंच, की सकाळी औषध घेतलं नाही म्हणून ती त्यांच्यावर करवादली होती. आता समोर वडील बसलेले, मांडीवर स्वतःच्या नावाचं चक्र. ती चप्पल न काढता त्यांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांची बाही मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. पाहुण्यांना निघायचं कारण मिळालं. एकेक जण फोरमनपुढे उभा राहून मान हलवून गेला. भट्टीवाल्याने जाताना फुलं उचलली, पुन्हा ठेवली आणि म्हणाला, "राहू द्या. तुमच्यासाठीच आणली होती."

"काय केलंस तू?" दार लागल्यावर बायकोने विचारलं.

जावयाने सांगितलं. एकच फोल्डर, न लावलेली जाळी, फेकलेले डबे, सगळं. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की ऑफिसात शिकवताना तो नेमकं याच क्रमाने शिकवायचा.

"सगळं गेलं?"

"हो."

"शेवटची फाईलसुद्धा?"

 बायको उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर तिघं बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, चहा टाकू का?" आणि जावयाला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी पाटी ओढून घेतली. आता काय लिहितील या भीतीने तो वाचायला वाकला, तर ती पाटी त्याच्यासाठी नव्हतीच. ती त्यांनी सासूबाईंपुढे धरली: "धाकटा आला होता का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कुणी कळवलं असेल की नाही, कोण जाणे."

"कळवलं असेल," असं सासऱ्यांनी लिहिलं. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी काय केलं नाही, यावरून दोघांचं फाटलं होतं आणि ते कुणी शिवलं नाही. दोघांचं बोलणं लेकीच्या लग्नाच्याही आधीपासून बंद होतं. जावयाने धाकट्याला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सासऱ्यांनी पाटी पुसली. त्या दिवशी पुन्हा त्यांनी काही लिहिलं नाही.

बायको दोन दिवस नवऱ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "जे आलंय त्यावरून होईल का?"

"होईल. पण त्यात सगळं ओरडणंच आहे. मशीन तेवढंच शिकेल."

"शिकू दे. आधी कॉपी कर."

त्याने कॉपी हार्ड डिस्कवर केली, तिच्या फोनवर केली, सासूबाईंच्या फोनवर केली. मग कंटेनरची ओळ टाइप केली. बायको एकेक शब्दावर बोट ठेवत होती. "हे कुठलं फोल्डर?" "रेकॉर्डिंगचं." "हे?" "रिकामं, वेगळं." "जाळी लावलीस?" "लावली." "दाखव." एंटर तिने स्वतः दाबलं.

मशीन तयार झालं, टॅबलेटवर चढलं आणि जावयाची भीती खरी ठरली. सासऱ्यांनी टॅबलेटवर एका बोटाने टाइप केलं, "पाणी दे." टॅबलेट गरजला, "पाणी दे!" सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्या भांडं भरून घेऊन आल्या, सवयीने "आणतेय ना, जीव काय जातोय का?" असंही म्हणाल्या, आणि भांडं त्यांच्या हातात देताना एकदम थांबल्या. पाणी थोडं सांडलं. ते त्यांनी पायानेच पुसलं. सासऱ्यांनी सगळं पाणी संपवलं, नको असताना. मग त्यांनी 'छान' टाइप केलं, तेही कुणाला तरी कामावरून काढल्यासारखं ऐकू आलं.

"बाबा, मी सूर जरा खाली आणून बघतो," जावई म्हणाला. सासऱ्यांनी त्याचा हात टॅबलेटवरून झटकला. मग त्यांनी फोन मागवला आणि लेकीला पाटीवर एक नंबर लिहून तो लावायला लावला. तो नंबर त्यांना पाठ होता. फोन त्यांनी स्पीकरवर टाकून टॅबलेटजवळ मांडला.

"कोण?" पलीकडून एक थकलेला आवाज आला.

टकटक झाली. "मी!"

पलीकडे काहीतरी खाली पडलं. "दादा?" आणि मग दबक्या आवाजात, "दादा, तू कुठून बोलतोयस?"

"मुलीच्या घरून!" टॅबलेट कडाडला.

"पण मला तर कळलं होतं, की तू..."

सासरे बराच वेळ टाइप करत होते. पलीकडचा माणूस थांबून होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. "कळलं होतं, तर आला का नाहीस?"

"निघालो होतो," धाकटा म्हणाला. "बसमध्ये बसलोसुद्धा. मग आठवलं, तू म्हणाला होतास, मी मेलो तरी माझ्या दारात पाय ठेवू नकोस. म्हटलं, जन्मभर तुझं एक ऐकलं नाही, निदान आता तरी ऐकावं. उतरलो."

सासऱ्यांचं बोट टॅबलेटच्या वर अधांतरी राहिलं. बायको खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"दादा, अजून चिडलायस का?"

टकटक. "नाही!" असा आवाज आला, की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.  झालं, फोन ठेवणार हा माणूस, असं वाटून जावई घाईघाईने फोनवर वाकला. "काका, मी जावई बोलतोय. बाबांचं ऑपरेशन झालंय, ते मशीनवरून बोलताहेत. ते खरंच चिडलेले नाहीत. मशीनला दुसरा सूर येत नाही, ती चूक माझी आहे."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," धाकटा म्हणाला. "मला नका सांगू. दादा चिडला की गप्प बसतो. इतकी वर्षं गप्प होता ना, तेव्हा चिडला होता."

जावई मागे सरकला. सासरे टाइप करत होते. दोन शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. एक बोट, हळूहळू, जड. सगळी वाट बघत होती, पलीकडचाही.

"जेवून येऊ नकोस!" टॅबलेटमधून धमकी आली.

"बरं," धाकटा म्हणाला.

सासूबाई उठल्या आणि मोठं पातेलं काढायला आत गेल्या.